चिचेन इत्झा एका दिवसात: गाईडसोबतच्या सहलीची नीट तयारी

मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या यादीत चिचेन इत्झा या प्राचीन माया नगराचं नाव हमखास असतं. अमेरिकेतली मंडळी नाताळच्या सुट्टीत तिकडे जातात, भारतातून आई-बाबा आलेले असले तर त्यांनाही सोबत नेतात. हॉटेलच्या लॉबीत सहलींची पत्रकं मांडलेली असतात. सगळ्यांवर तोच पिरॅमिड आणि खाली वेगवेगळे दर. त्या पत्रकांवरून सहल निवडू नका. एकच प्रश्न विचारा: अवशेषांच्या आवारात प्रत्यक्ष किती तास मिळणार? उत्तर दोन तासांपेक्षा कमी आलं, तर ती सहल सोडून द्या. बारा-तेरा तासांची दगदग आणि त्यातला जेमतेम सव्वा तास पिरॅमिडपाशी, अशा सहली सर्रास विकल्या जातात. माया संस्कृती पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाचं त्यात फार नुकसान होतं.

कागदपत्रं आणि मुक्काम

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. 180 दिवसांपर्यंत राहता येतं. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांच्या व्हिसालाही हीच सवलत आहे. ज्यांच्या एच-वन-बीची मुदत कागदावर वाढली आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपला आहे, त्यांनी मात्र विमानाचं तिकीट काढण्याआधी मेक्सिकन वकिलातीकडे खात्री करून घ्यावी. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही बघा. जाण्याइतकंच परत येणंही महत्त्वाचं आहे.

चिचेन इत्झा युकातान राज्यात आहे. कॅनकूनहून साधारण 200 किलोमीटर, म्हणजे गाडीने अडीच तास. मेरिदाहून 120 किलोमीटर, आणि वायादोलिद या छोट्या गावापासून फक्त 45. शक्य असेल तर आदली रात्र वायादोलिदला काढा. दरवाजे सकाळी 8 वाजता उघडतात आणि कॅनकूनच्या मोठ्या बसचा लोंढा साडेदहा-अकराच्या सुमाराला येतो. मधले अडीच-तीन तास ऊन कोवळं, गर्दी तुरळक. पैसे देऊनही दुपारी तो पिरॅमिड तसा पाहायला मिळणार नाही. मुक्काम कॅनकूनलाच असेल, तर पहाटे निघणारी सहल घ्या. लहान मुलांना पाच वाजता उठवणं जिवावर येतं, पण ती गाडीत झोपतात.

इथे घड्याळाची एक भानगड आहे. कॅनकून किंताना रू या राज्यात येतं आणि तिथलं घड्याळ युकातानच्या एक तास पुढे असतं. जाताना तो तास तुमच्या पदरात पडतो, येताना कापला जातो. सहलवाल्याने सांगितलेली प्रत्येक वेळ कुठल्या घड्याळाची, हे विचारून घ्या. वाटेत फोन आपोआप वेळ बदलतो आणि मग ‘बस तीनला सुटणार’ यावरून घोळ होतो.

सहल ठरवताना

सहली ढोबळमानाने तीन प्रकारच्या. चाळीस-पन्नास जणांची मोठी बस सगळ्यांत स्वस्त, पण ती हॉटेल-हॉटेल फिरून माणसं गोळा करते आणि त्यातच तास जातो. बारा-पंधरा जणांची व्हॅन मध्यम दरात मिळते. आई-बाबा आणि मुलं बरोबर असतील तर मी हीच सुचवेन. तिसरी खास तुमच्या कुटुंबापुरती गाडी आणि गाईड. सहा-सात जण असाल तर माणशी खर्च व्हॅनच्या आसपास येऊ शकतो, तेव्हा हिशेब करून बघा.

पैसे भरण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी विचारा; मेसेजवरचं उत्तर पुरे.

- प्रवेशशुल्क दरात धरलं आहे का? हा सगळ्यांत मोठा खाचखळगा. इथे तिकिटाचे दोन भाग असतात, एक पुरातत्त्व खातं चालवणाऱ्या केंद्रीय संस्थेचा आणि दुसरा युकातान राज्याचा. परदेशी पाहुण्याला दोन्ही मिळून सहाशे पेसोंच्या वर द्यावे लागतात. अगदी स्वस्त दिसणाऱ्या सहलीत बहुधा हे धरलेलं नसतं आणि बसमध्ये बसल्यावर ‘टॅक्स’ म्हणून मागतात.
- गाईड आवारात सोबत येतो, की बसमध्येच माहिती सांगून दारात सोडतो? इंग्रजीचा गट वेगळा, की एकच माणूस स्पॅनिश आणि इंग्रजी आळीपाळीने बोलणार? दोन भाषांत बोलणाऱ्याकडून तुम्हाला अर्धीच गोष्ट ऐकायला मिळते.
- वाटेत दुकानात थांबणार का, आणि किती वेळ? चांदी आणि ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीतल्या काळ्या काचेच्या) दुकानात गेलेला पाऊण तास तुमच्या पिरॅमिडच्या वेळातून कापलेला असतो.
- सेनोतेवर, म्हणजे पोहायला नेतात त्या नैसर्गिक कुंडावर, लॉकर आणि लाइफ जॅकेटचे पैसे वेगळे आहेत का? जेवणात पेय धरलं आहे का?

रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना केंद्रीय शुल्क माफ असतं, त्यामुळे स्थानिक कुटुंबं मोठ्या संख्येने येतात. हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते मार्च चांगला. एप्रिल-मेमध्ये ऊन आपल्या विदर्भातल्यासारखं तापतं, आणि त्यानंतर पावसाळा. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर.

मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांना, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, मावळतीच्या उन्हात पिरॅमिडच्या उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण उमटतात आणि पायथ्याच्या दगडी सर्पमुखाला जाऊन मिळतात. जणू साप खाली सरकतो आहे. दृश्य विलक्षण आहे, पण त्या दिवशी हजारो लोक तिथे उभे असतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तो दिवस निवडू नये असं मला मनापासून वाटतं. आधी जागा शांतपणे बघून घ्या.

आदल्या रात्रीची पिशवी

मुख्य चौकात सावली जवळजवळ नाही, म्हणून रुंद कडांची टोपी किंवा सरळ छत्री. माणशी किमान दीड लिटर पाणी. चपला नकोत, बूट घाला. चुनखडीची जमीन ओबडधोबड आहे. पोहण्याचे कपडे, टॉवेल, कोरड्या कपड्यांचा जोड. छोट्या नोटांमध्ये पेसो ठेवा. डॉलर चालतात, पण दर लुबाडणारा असतो. ड्रोन आणि तिपाई घरीच ठेवा, परवानगीशिवाय दोन्ही चालत नाहीत. आई-बाबांची औषधं आणि मिठाचे चार शेंगदाणे वरच्या खणात, कारण जेवण दोन-तीन वाजेपर्यंत लांबू शकतं.

आवारात शिरल्यावर

स्वतःच गाडी करून किंवा एडीओ या कंपनीच्या बसने आलात, तर प्रवेशदारापाशी अधिकृत गाईड मिळतात. गळ्यात सरकारी ओळखपत्र आहे का ते बघा. भाषा, वेळ आणि एकूण रक्कम आधी ठरवून मगच पुढे चला. दोन-तीन अनोळखी कुटुंबं एकत्र येऊन एक गाईड करतात, त्याला कोणी हरकत घेत नाही.

झाडीतून वाट उघडते आणि समोर कुकुल्कान या सर्पदेवाचा पिरॅमिड येतो. स्पॅनिश लोक त्याला एल कास्तियो म्हणतात. वरच्या मंदिरासह उंची सुमारे 30 मीटर. त्यावर चढायला 2006 पासून बंदी आहे, त्यामुळे आई-बाबांना गुडघ्यांची काळजी नको. इथे फोटो काढून लगेच पुढे सरकू नका. ही इमारत म्हणजे दगडात मांडलेली कालगणना आहे आणि ती बोटावर मोजता येते. चार बाजूंना चार जिने, प्रत्येकी 91 पायऱ्या. वरच्या मंदिराची एक धरून 365. पिरॅमिडचे टप्पे नऊ. जिना मधून गेल्यामुळे प्रत्येक बाजूला त्यांचे अठरा भाग होतात. माया लोकांच्या सौर वर्षात वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर उरलेले पाच दिवस असत, आणि ते पाच दिवस अशुभ मानले जात. दर बाजूला खोलगट चौकटी 52, कारण 365 दिवसांचं वर्ष आणि 260 दिवसांचं धार्मिक चक्र ही दोन्ही बरोबर 52 वर्षांनी पुन्हा एकत्र जुळतात. मुलांना हे मोजायला लावा. एकदा मोजलं की विसरत नाहीत. त्यांचं गणित वीसच्या पटीत चाले, टिंब म्हणजे एक आणि आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी शिंपल्यासारखी खूण होती. शून्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांनी ही खूण गाईडकडून मुद्दाम काढून घ्यावी. तो वहीत चटकन काढून दाखवतो.

गाईडला पिरॅमिडच्या चारही बाजूंनी फिरवायला सांगा. दोन बाजू नीट बांधून काढल्या आहेत, बाकीच्या दोन बऱ्याचशा ढासळलेल्या तशाच ठेवल्या आहेत. झाडोरा काढण्याआधी हे सगळं कसं दिसत असेल, याचा अंदाज त्या बाजूंवरून येतो. या पिरॅमिडच्या पोटात आणखी एक जुना पिरॅमिड आहे. 1930 च्या दशकातल्या उत्खननात त्यातल्या खोलीत लाल रंगाचं, हिरव्या जेडचे ठिपके बसवलेलं जाग्वारच्या आकाराचं आसन सापडलं. ते आता पाहता येत नाही.

मग उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा. पायऱ्यांवरून येणारा प्रतिध्वनी टाळीसारखा नसतो, चिवचिवाटासारखा खाली उतरत येतो. केत्झाल या पवित्र पक्ष्याचा आवाज म्हणतात तो हाच. पायऱ्यांच्या रचनेमुळे असं होतं हे नक्की. बांधणाऱ्यांनी ते मुद्दाम केलं होतं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. गाईड ‘मुद्दामच’ म्हणाला, तर तेवढं सोडून द्या.

तिथून चेंडूच्या मैदानाकडे. 168 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद असं हे मैदान मध्य अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृतींचं सर्वांत मोठं. रबराचा जड चेंडू खेळाडू कमरेने उडवत. दोन्ही भिंतींवर, माणसाच्या हातापासून फार उंच, एकेक दगडी कडं उभं बसवलेलं आहे. भिंतींच्या पायथ्याशी उकिडवं बसून कोरीवकाम बघा: गुडघा टेकलेला, शिर नसलेला खेळाडू आणि त्याच्या मानेतून सापांसारख्या वळवळत निघालेल्या रक्ताच्या धारा. शेजारच्या खेळाडूच्या हातात ते शिर आहे. बळी हरणाऱ्याचा जात असे की जिंकणाऱ्याचा, याचं उत्तर प्रत्येक गाईड ठामपणे देतो आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. कोरीवकामावरून ते सिद्ध होत नाही.

मैदानाला लागून असलेल्या जाग्वार मंदिराच्या दारावरची कोरीव तुळई चिकूच्या लाकडाची. घोलवड-डहाणूच्या वाड्यांमधला आपला चिकू मुळात याच भागातला. त्याचं लाकूड इतकं टणक, की माया लोकांनी घातलेल्या तुळया शेकडो वर्षं टिकल्या. चिकूच्या चिकावरूनच पुढे च्युइंगगम आलं. गाईडला ‘सापोते’ म्हणून विचारा, तो बाजूचं झाड दाखवेल.

कवट्यांच्या ओळी कोरलेला चौथरा (त्सोम्पांत्ली), योद्ध्यांचं मंदिर आणि त्यासमोरचे खांबांचे जथे, हे सगळं बहुतेक गाईड दाखवतातच. मग तासभर मोकळा सोडतात. इथे लोक वेळ वाया घालवतात, दुकानांत रेंगाळतात. मोकळ्या तासात दोन वाटा आहेत. उत्तरेला तीनशे मीटरचा जुना पांढरा रस्ता पवित्र सेनोतेकडे जातो. साठेक मीटर व्यासाचं, हिरवट पाण्याचं हे नैसर्गिक कुंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी संशोधकाने ते उपसलं. तळातून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली. दक्षिणेला एल काराकोल, म्हणजे गोल मनोऱ्याची वेधशाळा. एकच निवडायचं तर मी दक्षिणेला जाईन. युकातानच्या या भागात नदी नाही; पाऊस चुनखडीतून थेट जमिनीखाली झिरपतो. आकाश नीट वाचता आलं नाही तर पीक गेलं. म्हणून शुक्राचा 584 दिवसांचा फेरा त्यांनी इतक्या बारकाईने टिपला. शुक्राचे पाच फेरे म्हणजे बरोबर आठ वर्षं, हे त्यांना ठाऊक होतं. वेधशाळेपलीकडे ‘इग्लेसिया’ नावाची छोटी इमारत आहे. तिच्या कोपऱ्यांवर लांब वळलेल्या नाकाचा ‘चाक’ नावाचा पर्जन्यदेव रांगेने बसवला आहे. मोठ्या गटांच्या सहली इथवर फारशा येत नाहीत, त्यामुळे सावलीत उभं राहून दगडाचं काम निवांत बघता येतं.

गाईडकडून एक गोष्ट आवर्जून काढून घ्या: आजचे माया लोक. ‘माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले’ हे खोटं आहे. चिचेन इत्झाचं वैभव बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत ओसरलं, माणसं मात्र इथेच राहिली. युकातान द्वीपकल्पात आजही साडेसात लाखांहून जास्त लोक माया भाषा बोलतात. तुमचा गाईड, बसचालक, पोळ्या भाजणारी बाई त्यांच्यापैकी असण्याची शक्यता दाट. आभार मानताना ‘दिओस बोओतिक’ म्हणा. चेहरा लगेच खुलतो, आणि पुढचा अर्धा तास पाठ केलेली माहिती बाजूला ठेवून तो स्वतःच्या गावाबद्दल बोलतो. सहलीतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच.

वाटेच्या दोन्ही बाजूंना विक्रेते असतात, पुष्कळसे शेजारच्या पिस्ते गावचे. जाग्वारच्या डरकाळीसारखा आवाज काढणारी लाकडी शिट्टी मुलांना हवीच असते. घासाघीस चालते, पण नम्रपणे. जो माणूस तिथेच बसून मुखवटा कोरतो आहे, त्याच्याकडून घ्या.

सेनोते आणि जेवण

बहुतेक सहलींत पोहण्यासाठी एक सेनोते असतं. चिचेन इत्झाजवळ इक किल प्रसिद्ध आहे: जमिनीच्या पातळीपासून सुमारे 26 मीटर खाली पाणी, वरून लोंबणाऱ्या मुळ्या आणि वेली. पाणी खूप खोल आहे. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. उतरण्याआधी आंघोळ सक्तीची आणि अंगावर सनस्क्रीन चालत नाही, कारण हे पाणी जमिनीखालच्या साठ्याशी जोडलेलं आहे. म्हणून सकाळी सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा कपडा बरा. पायऱ्या ओल्या आणि उभ्या असतात. ज्येष्ठांनी वरच्या कठड्यावरून पाहिलं तरी पुरे.

जेवणात शाकाहाऱ्यांनी जरा सांभाळावं. घेवड्याच्या डाळीसारख्या दिसणाऱ्या काळ्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका’ म्हणजे मांस नको, चिकन नको, चरबी नको, एवढं पाठ करा. भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची आणि टोमॅटोची चटणी, सिकिल पाक, मक्याच्या पोळीबरोबर अगदी आपल्या जिभेला रुचते. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस मागवा: उकडलेलं अंडं पोळीत गुंडाळून त्यावर बियांचा हिरवट रस्सा. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, त्याचा वास पोळीला येतो. पाण्याऐवजी ‘आग्वा दे खामायका’ घ्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं आंबटगोड सरबत. हाबानेरो मिरची वेगळ्या वाटीत येते. कोल्हापूरकरांनीही आधी थेंबभरच चाखावी.

मांसाहाऱ्यांसाठी इथली ओळख कोचिनीता पिबिल: आंबट संत्र्याच्या रसात आणि अचियोतेच्या लाल वाटणात मुरवून केळीच्या पानात शिजवलेलं डुकराचं मांस. सहलीच्या बुफेतलं बेताचंच असतं. वायादोलिदच्या चौकाजवळच्या बाजारात मिळतं ते खरं.

परतताना

वायादोलिदचा थांबा सहसा अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. सान सेर्वासियोचं चर्च आणि समोरची बाग बघून होते; उरलेल्या वेळात कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज घातलेली मार्केसीता खा. गाईड आणि चालक या दोघांना वेगवेगळी बक्षिशी द्या. गाईडला सहलीच्या रकमेच्या दहा-पंधरा टक्के रीतसर समजली जाते. ती पेसोमध्ये, हातात द्या.

युकातानच्या घड्याळाने संध्याकाळी पाचला निघालात, तर कॅनकूनला तोवर सहा वाजलेले असतात आणि हॉटेलवर पोचायला साडेआठ-नऊ. त्या रात्रीचं जेवणाचं आरक्षण करू नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमानही ठेवू नका.